पुनरागमनापूर्वीचे गीत

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधीच ठरलेले असतात, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. परंतु ज्या देहांच्या आधारे हे नाट्य उभे राहते त्या देहांना होणाऱ्या इजा कोणत्याही संहितेत लिहिलेल्या नसतात, आणि म्हणूनच जायबंदी झालेला एखादा मल्ल कित्येक महिन्यांनी पुन्हा रिंगणात उतरणार असतो, तेव्हा त्याच्या आगमनाची वर्दी देणाऱ्या काही मिनिटांच्या चित्रफितीसाठी कोणते गीत निवडावे, हा प्रश्न वरवर वाटतो त्याहून पुष्कळ गंभीर ठरतो.

या कलेचा उत्कृष्ट दाखला म्हणून मी ट्रिपल एच या मल्लाच्या पुनरागमनाकडे बोट दाखवीन. २१ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे जोडीच्या लढतीत त्याच्या डाव्या मांडीचा पुढचा स्नायू हाडापासून तुटला. तशाही अवस्थेत प्रतिस्पर्धी ख्रिस जेरिकोने समालोचकांच्या मेजावर घातलेला पेच त्याने सोसला आणि लढत शेवटास नेली. पुढे अलाबामातील बर्मिंगहॅम येथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. तो त्या सुमारास स्टीव्ह ऑस्टिनच्या साथीने खलपुरुषाची भूमिका करीत होता, म्हणजे प्रेक्षकांनी त्याचा तिरस्कार करावा अशीच सारी योजना होती. त्याचे प्रवेशसंगीत मोटरहेड या वाद्यवृंदाने गायिलेले, घनगर्जनेसारखे होते. त्याच धाटणीचे आणखी एखादे उग्र गीत पुनरागमनाच्या चित्रफितीला जोडणे सर्वांत सोपे होते, आणि तसे केले असते तर प्रेक्षकांना जुनाच खलपुरुष परत येत असल्याचा भास झाला असता.

प्रत्यक्षात निवड झाली ती यू टू या आयरिश वाद्यवृंदाच्या 'ब्यूटिफुल डे' या गीताची. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेले आणि पुढील वर्षी तीन ग्रॅमी पारितोषिके मिळवणारे हे गीत, त्याचा गायक बोनो याच्या स्पष्टीकरणानुसार, सर्वस्व गमावूनही जे उरले आहे त्यात आनंद मानणाऱ्या माणसाचे आहे. ते दबलेल्या सुरात आरंभते आणि ध्रुवपदाशी येताच एकाएकी प्रकाशमान होते. संकलकाच्या दृष्टीने अशी रचना अमोल असते, कारण तिच्या पूर्वार्धात दुखापतीची व रुग्णशय्येची दृश्ये सामावतात आणि उत्तरार्धात व्यायामाची, परिश्रमाची व पुन्हा उभ्या राहिलेल्या देहाची. गर्विष्ठ मल्लाच्या जागी आता एक रुग्ण दिसू लागला, आणि रुग्णाविषयी वैरभाव टिकत नाही.

७ जानेवारी २००२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो परतला. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, ११ सप्टेंबरच्या संहारानंतरच्या त्या शोकग्रस्त शरदात, यू टूने याच सभागृहात आपले जलसे केले होते. त्या नगराच्या कानांना हे सूर परके नव्हते. प्रवेशाच्या क्षणी मात्र मोटरहेडचेच गर्जन झाले, आणि कालपर्यंत धिक्कार करणाऱ्या प्रेक्षकांनी प्रचंड जयघोष केला. मला या निवडीतील खरे चातुर्य येथेच दिसते: चित्रफितीच्या गीताने मल्लाच्या प्रवेशसंगीताशी स्पर्धा न करता त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती.

प्रत्येक पुनरागमनास अशी पूर्वसूचना मानवतेच असे नाही. मानेच्या विकारामुळे २०११ मध्ये निवृत्त झालेला एज हा मल्ल २०२० च्या रॉयल रंबल या स्पर्धेत ह्यूस्टन येथे अवतरला, तेव्हा गुप्तता हीच सर्वांत मोठी पुंजी होती. तेथे ऑल्टर ब्रिज या वाद्यवृंदाच्या परिचित प्रवेशगीताने एकट्याने सारे काम केले.

या व्यवसायाची दफ्तरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रसिद्ध गीत वापरावयाचे तर रचनेचे हक्क एकाकडून आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्याकडून घ्यावे लागतात, आणि हे परवाने बहुधा मुदतीचे असतात. मुदत सरली की त्याच चित्रफितीखाली एखादे निनावी, स्वस्त संगीत घालून ती पुन्हा प्रसृत करण्याची प्रथा आहे. दृश्ये तीच राहतात, परंतु ध्रुवपदाच्या ठोक्यावर बेतलेला प्रत्येक छेद निराधार होतो, आणि नव्या प्रेक्षकास त्या रात्रीचा जयघोष अकारण वाटू लागतो. दोन तपांपूर्वीच्या या फिती आता इतिहासाचे दस्तऐवज झाल्या आहेत. त्यांच्या मालकांनी निदान मूळ संगीतासह एक प्रत अभ्यासकांसाठी राखावी आणि तिच्या परवान्याचा खर्च जतनाच्या खात्यात धरावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.