थिजलेलें खोबरेल आणि न थिजणारा गहूं

आमच्या निफाडची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. २०१८ सालच्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहूं संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्याही खालीं उतरला होता आणि द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटल्या होत्या. अशा दिवसांत घरोघरीं एक देखावा ठरलेला असतो: खोबरेलाची बाटली ऊन पाण्याच्या तांब्यांत उभी केलेली. अशाच एका सकाळीं माझ्या नातीनें विचारलें, "आजोबा, खोबरेल थिजतें, मग शेजारच्या बरणींतलें गोडें तेल कां नाहीं थिजत?" तीस वर्षें मास्तरकी करूनही मला चटकन उत्तर देतां आलें नाहीं.

चरकाचार्यांनीं घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. या सर्वांत जो मेद असतो त्याची घडण एकच. शेतकऱ्याचें दंताळें डोळ्यांपुढें आणावें. ग्लिसरीन ही त्याची आडवी दांडी, आणि तिला जोडलेले तीन लांब दांते म्हणजे मेदाम्लें. प्रत्येक दांता ही कार्बनच्या (जुनीं क्रमिक पुस्तकें ज्याला कर्ब म्हणत त्याच्या) अणूंची माळ होय. स्टिअरिक आम्लाच्या माळेंत १८ कार्बन असतात. ती काठीसारखी सरळ असते व ६९ अंशांस वितळते. ओलिइक आम्लांतही कार्बन १८च. परंतु मध्यें एके ठिकाणीं दुहेरी बंध असल्यानें माळ तेथें वांकते. वांकड्या काठ्यांची मोळी घट्ट बांधतां येत नाहीं, हें सरपण आणणाऱ्यास सांगावयास नको. म्हणून हें आम्ल अवघ्या १३ अंशांसच पातळ होतें. खोबरेलांत सरळ दांते शेंकडा नव्वदच्या आसपास. ते बहुतांशीं आंखूड आहेत म्हणून बरें. तरीहि २४ अंशांच्या सुमारास तें थिजूं लागतें. गोड्या तेलांत वांकड्यांचें प्राबल्य, म्हणून तें वाहतें राहतें.

मेद म्हणजे शरीराची सांठवण, एवढें आपण सर्व जाणतों. एक ग्रॅम पिष्टांतून ४ कॅलरी उष्णता मिळते, तर मेदांतून ९. पण खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे. आपल्या प्रत्येक पेशीचें आवरणही मेदाचेंच असतें. तेथें दंताळ्याला दांते दोनच, आणि तिसऱ्याच्या जागीं पाण्याची ओढ असलेलें फॉस्फरसयुक्त डोकें. अशांचे दोन पदर लागतात: डोकीं पाण्याकडे, दांते आंत एकमेकांकडे. हें आवरण तेलासारखें प्रवाही राहिलें तरच आंतबाहेर देवघेव चालते. तें थिजलें कीं पेशीचा कारभार आटोपला. म्हणून थंडी पडूं लागतांच गव्हाचें रोप आपल्या आवरणांत वांकड्या मेदाम्लांचा अंश वाढवितें! बाटलींतल्या खोबरेलास हें साधत नाहीं.

हा वांक मनुष्यानेंही हाताळला. १९०२ सालीं विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञानें निकेलच्या साहाय्यानें तेलांत हायड्रोजन घालून तें घट्ट करण्याचें पेटंट मिळविलें. त्यांतूनच पुढें आपल्याकडील वनस्पति तूप आलें. ही क्रिया अर्धवट राहिली कीं कांहीं माळांत दुहेरी बंध तसाच उरतो, मात्र त्याची दिशा फिरते आणि वांक जातो. हेंच ट्रान्स मेद. अणू तेच, कार्बन १८च, पण वितळण्यास ४४ अंश लागतात.

१९७५ च्या सुमारास आमच्या घरीं साजूक तूप नैवेद्यापुरतें असे आणि पंक्तीला वनस्पति. आई नाक मुरडी. "झाडापासून झालेलें तें शुद्धच," असें मी मॅट्रिकच्या ऐटींत तिला सुनावीत असें. १९९० सालीं नेदरलंड्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं ट्रान्स मेदानें रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल वाढतें आणि चांगलें घटतें. माझे थोरले बंधू बावन्नाव्या वर्षीं हृद्रोगानें गेले. त्या डब्यानेंच त्यांना नेलें असें मी म्हणणार नाहीं; विडी होती, घराण्याचा रोगही होता. पण माझें तें वाक्य मला अजून टोंचतें. आपल्या देशांत तेलातुपांतील अशा मेदावर शेंकडा दोनची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारींत.

आतां सुशिक्षित घरांतून उलट टोंक दिसतें. फोडणीच वर्ज्य! अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें मेदावांचून अंगीं लागत नाहींत, आणि दोन वांकडीं मेदाम्लें तर शरीर स्वतः घडवूंच शकत नाहीं, तीं अन्नांतूनच यावीं लागतात. त्यांपैकीं एक आपल्या जवसाच्या चटणींत भरपूर असतें. ती चटणी ताटांतून नाहींशी होऊं लागली याचें मला वाईट वाटतें.

नातीचें समाधान मात्र बोलण्यानें झालें नाहीं. तिनें रात्रीं दोन वाट्या गच्चीवर ठेवल्या. पहांटे खोबरेल दगड झालें होतें आणि गोड्या तेलावरही अंधुकसें मळभ आलें होतें. वाटी उजेडाकडे धरून ती म्हणाली, "आजोबा, यांतही थोड्या सरळ काठ्या आहेत तर!"