जुन्या पीसीवर गेम अपडेट करावा का?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला डेस्कटॉप नोकरी लागल्यावरही सहसा घराबाहेर जात नाही. कोथरूड असो वा हडपसर, तो कुठल्या तरी टेबलावर टिकून असतो आणि त्यावर ‘एज ऑफ एम्पायर्स’ किंवा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’सारखा एखादा लाडका खेळही असतो. या दुसऱ्या खेळाची मराठी घरातली ओढ वेगळीच. त्यात दख्खनमधल्या छोट्याशा सत्तेपासून सुरुवात करून मराठा राज्य उभं करता येतं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘धर्मा’ या विस्तारानं भारतीय उपखंडातला खेळ बराच पालटला. २००९च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये तर मराठ्यांची बाजू थेट निवडता येते. असा खेळ एक दिवस अपडेट मागतो. तो करावा की नको, यावर मित्रमंडळींत मिळणारी ठाम उत्तरं बहुतेक वेळा अर्धीच खरी असतात.

गैरसमज : ग्राफिक कार्ड बरं असेल, तर कुठलाही अपडेट झेपतो

सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात. स्ट्रॅटेजी गेममध्ये खरा भार प्रोसेसरवर असतो. शेकडो सैनिकांनी कुठल्या वाटेनं जायचं, संगणकाच्या ताब्यातल्या राज्यांनी कुणाशी तह करायचा, कुठल्या गावात किती उत्पन्न झालं, हा सगळा हिशेब तिथे चालतो. शिवाय या हिशेबातला बराच भाग एकामागून एकच करावा लागतो, त्यामुळे प्रोसेसरमध्ये कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान आहे, हे महत्त्वाचं ठरतं. म्हणूनच खेळ सुरुवातीला झकास पळतो आणि दोन तासांनी, नकाशा सैन्यानं भरला की, रखडू लागतो. एसएसडी बसवली तर खेळ लवकर उघडतो, सेव्ह लवकर होतो; पण डावाच्या शेवटी येणारं रखडणं तिच्यामुळे जात नाही.

१९९७च्या पहिल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या वेळी तो खेळ बनवणाऱ्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांच्यापुढे पेच होता : ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम, १६ एमबी रॅम आणि २८.८चा मोडेम एवढ्यावर आठ जणांना एकत्र खेळवायचं कसं? हजार-दीड हजार सैनिकांची जागा क्षणोक्षणी पाठवणं त्या मोडेमला शक्यच नव्हतं. त्यांनी जागा पाठवल्याच नाहीत, फक्त हुकूम पाठवले. पत्रातून बुद्धिबळ खेळणारे जसे फक्त चाल कळवतात आणि आपापल्या पटावर ती मांडतात, तसं प्रत्येक संगणक संपूर्ण लढाई स्वतःच रचतो. २००१मध्ये दोघांनी ही पद्धत सविस्तर मांडली. या प्रकारचे कितीतरी खेळ आजही त्याच तत्त्वावर चालतात.

जुन्या पीसीच्या मालकानं ही एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच सुटतात.

गैरसमज : मित्र नव्या आवृत्तीवर, आपण जुन्या, एकत्र खेळू की!

नाही जमणार. प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे लढाई रचत असेल, तर सगळ्यांकडे नियम तंतोतंत सारखे हवेत. नव्या आवृत्तीत एखाद्या धनुर्धाऱ्याची ताकद थोडी जरी बदलली, तरी दोन पडद्यांवर दोन वेगळ्या लढाया सुरू होतील. म्हणून वेगळी आवृत्ती असेल, तर खेळ सामन्यात प्रवेशच देत नाही. जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंग अपडेटनंतर उघडत नाहीत, त्याचंही कारण हेच : त्यांत चित्रफीत नसते, फक्त हुकमांची यादी असते.

याची दुसरी बाजूही आहे. अशा सामन्यात सर्वात संथ संगणकाच्या चालीनं सगळ्यांना चालावं लागतं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या २०१९च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये रँक्ड सामन्यांआधी संगणकाची चाचणी होते आणि त्यात १,००० गुण लागतात, ते याचसाठी. प्रत्येकी २०० लोकसंख्येचे आठ खेळाडू म्हणजे नकाशावर १,६०० जीव. जुन्या पीसीवर चार खेळाडू आणि छोटा नकाशा निवडला, तर तोच खेळ पुष्कळ सुधारतो. अपडेट नाकारण्याआधी हा उपाय जरूर करून पाहावा.

गैरसमज : अपडेट म्हणजे खेळ जड होणारच

‘स्टेलारिस’चं उदाहरण पाहण्यासारखं आहे. जून २०१९मधल्या २.३ आवृत्तीनं तो खेळ फक्त ६४-बिटचा झाला. ३२-बिट विंडोज असलेल्यांना त्या आवृत्तीचं दारच बंद झालं. पण एप्रिल २०२१च्या ३.० आवृत्तीत लोकसंख्यावाढीचे नियमच बदलले. डावाच्या उत्तरार्धात मोजायची माणसं कमी झाली आणि प्रोसेसरवरचा ताणही घटला. खेळ तोच, एका अपडेटनं काही जुने संगणक बाद केले, दुसऱ्यानं उरलेल्यांना आधार दिला. त्यामुळे अपडेटसोबत येणारी बदलांची यादी वाचल्याशिवाय मत बनवू नये.

पैसे देऊन विस्तार घेतला नाही, तर आपल्या खेळात काही बदलत नाही, हेही खरं नाही. २८ एप्रिल २०२२ला ‘एज ऑफ एम्पायर्स २ : डेफिनिटिव्ह एडिशन’साठी ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार आला, तेव्हा आधीच्या ‘इंडियन्स’च्या जागी ‘हिंदुस्तानीज’ आले, आणि तो बदल विस्तार न घेतलेल्यांच्या खेळातही झाला.

गैरसमज : अपडेट ५०० एमबीचा आहे, पाच मिनिटांत होईल

डाउनलोड पाच मिनिटांत होईलही. पण स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान फाइलचे बदललेले तुकडे तेवढे उतरवतं आणि मग मोठ्या फाइली डिस्कवर नव्यानं जुळवतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम डाउनलोडपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं आणि त्यासाठी मोकळी जागाही ५०० एमबीहून बरीच जास्त लागते. डिस्क काठोकाठ भरली असेल, तर आधी जागा करावी.

गैरसमज : नाही आवडलं तर परत मागे जाऊ

हे त्या त्या खेळावर अवलंबून आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ बनवणारी पॅराडॉक्स कंपनी जुन्या आवृत्त्या स्टीमवर खुल्या ठेवते. खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बीटा’ विभागात त्या निवडता येतात. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या खेळाचा इन्स्टॉलर उतरवून जपून ठेवता येतो. मात्र ‘वॉरक्राफ्ट ३’च्या चाहत्यांना हे भाग्य लाभलं नाही. २८ जानेवारी २०२०ला ‘रिफोर्ज्ड’ आवृत्ती आली आणि ज्यांनी ती विकतही घेतली नव्हती, त्यांचा जुना खेळही ऑनलाइन खेळण्यासाठी त्याच नव्या साच्यात ओढला गेला. क्रमवारी आणि क्लॅन या जुन्या सोयी सुरुवातीला त्यात नव्हत्या. लोक संतापले, तो खेळ बनवणाऱ्या कंपनीला पैसे परत करावे लागले. त्यांचा संताप रास्तच होता. विकत घेतलेली वस्तू मालकाला न विचारता बदलू नये.

स्टीमवर अपडेट कायमचा बंद करण्याची सोय नाही. ‘खेळ सुरू करतानाच अपडेट कर’ एवढंच सांगता येतं, आणि त्यानंतर ऑफलाइन मोडमध्ये खेळलं तर जुनी आवृत्ती टिकते.

गैरसमज : गेम अपडेट केला नाही, तर व्हायरस येईल

कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ अँटिव्हायरस पुण्यातच उभं केलं. अँटिव्हायरसला अपडेट रोज लागतो, कारण नवे व्हायरस रोज येतात. गेमचं तसं नसतं. बहुतेक अपडेट नियम, चित्रं आणि चुका यांपुरते असतात. अपवाद मात्र गंभीर असतात. ऑक्टोबर २०२५मध्ये युनिटी या इंजिनातली, २०१७पासूनच्या आवृत्त्यांत असलेली एक त्रुटी जाहीर झाली आणि त्यावर बनलेले खेळ दुरुस्त करून घ्यायला सांगण्यात आलं. असा अपडेट टाळू नये.

मोठा धोका गेमपेक्षा विंडोजमध्ये असतो. स्टीमनं विंडोज ७ आणि ८ची साथ १ जानेवारी २०२४ला सोडली. विंडोज १०ची नियमित सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते. जुनी विंडोज असलेल्या पीसीवर नेट बँकिंग करणं आणि जुन्या आवृत्तीचा गेम ऑफलाइन खेळणं, यांत पहिलं कितीतरी जास्त धोक्याचं आहे.

एकट्यानं खेळत असाल आणि डाव रंगात असेल, तर तो जुन्याच आवृत्तीवर पुरा करा. मित्रांसोबत खेळत असाल, तर सगळ्यांनी एकाच दिवशी अपडेट करायचं ठरवा. आणि कुठलाही निर्णय घेतला, तरी आधी सेव्ह फाइलींचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.