ध्वनियंत्रांची निगा (भाग ७) : बेस गेला, पण वूफर गेला का?

गणपती जवळ आले की साताऱ्या-सांगलीतल्या मंडळांची साउंड सिस्टीम माळ्यावरून खाली उतरते. गाणं लावलं की वरचे सूर येतात, बेस मात्र गायब. ‘वूफर उडाला’ म्हणत वर्गणीतले हजारो रुपये नव्यावर घालण्याआधी तासभर तपासायला द्या.

अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही बॉक्सच्या वायरी आपसांत बदला. आता दुसरा बॉक्स गप्प झाला, तर बिघाड अॅम्प्लिफायर, मिक्सर किंवा केबलमध्ये आहे. पहिलाच गप्प राहिला, तर तो उघडा, वूफरची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा वूफर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो, 4 ओहमचा 3 ते साडेतीन. रीडिंग ठीक असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन हलून ‘टक्’ वाजलं, तर वूफर शाबूत आहे. क्रॉसओव्हरचं सोल्डरिंग आणि टर्मिनल बघा. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळी पट्ट्यात पितळी टर्मिनल हिरवी पडतात. ती घासली तरी बऱ्याचदा काम भागतं.

रीडिंगच नसेल तर कोनपासून टर्मिनलपर्यंतची विणलेली तार तपासा. ती हलून हलून आतून तुटते, वरून मात्र धड दिसते. मीटर लावून कोन हलकेच दाबल्यावर आकडा येत-जात असेल तर दोष तिचाच. तशीच लवचिक तार जोडून घ्या. साधी वायर थोड्याच दिवसांत पुन्हा तुटेल.

कोन दाबताना खरखर झाली किंवा तो हललाच नाही, तर बहुधा कॉइल जळून मॅग्नेटच्या फटीत अडकली आहे. वूफरला दिलेल्या 100 वॉटपैकी आवाज होतो जेमतेम काही वॉटचा. बाकी सगळी उष्णता, आणि ती कॉइललाच सोसावी लागते. मिक्सरचा लाल दिवा पेटता ठेवून रात्रभर वाजवणं हे कॉइल जळण्याचं मोठं कारण आहे. पोरांना हे आवर्जून सांगा.

पुरात बुडालेल्या वूफरची गोष्ट वेगळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. अशा पाण्यात कागदी कोन लिबलिबीत होतो आणि फटीत गाळ बसतो. मॅग्नेट आणि सांगाडा चांगला असेल तर कारागीर रीकोन करून देतो. वाळवून तसाच वाजवू नका.

नवा किंवा दुरुस्त वूफर बसवण्याआधी एक मोजणी कराच. स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. उघड्या टर्मिनलला हात लावू नका. काही मिलिव्होल्ट चालतील. तिथे थेट काही व्होल्ट दिसले, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची दाट शक्यता. अशा अॅम्प्लिफायरला जोडलेला नवा वूफरही जळेल. आधी अॅम्प्लिफायर दुरुस्त करून घ्या, मगच वूफर जोडा.