परदेशी बिऱ्हाड थाटण्याआधी

कोकणातल्या आमच्या भागात आखातात कोणीच नोकरीला नाही असे गाव विरळाच. जाणारी मंडळी कागद वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. पूर्वी कागद हातात आणत. आता मोबाइलवर दाखवतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. "गुरुजी, पगार किती लिहिलाय?" आम्ही पगार वाचून दाखवतो. मग विचारतो, "तिथे किती वर्षे राहू देणार? आणि बायकामुलांचं काय?" यावर बहुतेक जण गप्प होतात. काहींनी तर जमिनीला गिऱ्हाईक पाहिलेले असते.

परदेशी जाणे दोन तऱ्हेचे असते. एक, कमवायचे आणि परत यायचे. दुसरे, तिथेच कायमचे घर करायचे. यांतले कोणते होणार ते आपल्या मनावर नसते. ते त्या देशाच्या कायद्यावर असते.

आधी आखात पाहू. सौदी अरबस्तान, कुवेत, कतार, ओमान, बहरीन आणि अमिराती हे ते देश. तिथे राहायला परवाना लागतो. सौदीत त्याला इकामा म्हणतात. आपले लोक अकामा म्हणतात. मजुराचा हा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधावी, नाहीतर देश सोडावा. वीस वर्षे घाम गाळला तरी मजूर तिथला नागरिक होत नाही. अमिरातीने २०१९ पासून दहा वर्षांचा परवाना सुरू केला खरा. पण तो पैसेवाल्यांना आणि मोठे शिकलेल्यांना. आपल्या गवंड्याला, ड्रायव्हरला त्याचा काय उपयोग?

आता बायकामुलांचे पाहा. अमिरातीत कुटुंब न्यायचे तर महिना ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा. सौदीने २०१७ मध्ये परक्या कामगाराच्या घरच्या माणसांवर पट्टी बसवली. पहिल्या वर्षी माणशी महिना १०० रियाल. ती चढत चढत २०२० मध्ये ४०० झाली. हिशेब करा. बायको आणि दोन मुले म्हणजे महिना १,२०० रियाल. घरभाडे वेगळे, शाळेची फी वेगळी. तेव्हा पुष्कळांनी बिऱ्हाड मोडून बायकामुलांना मायदेशी धाडले. पगार तोच होता, कायदा बदलला.

शहर निवडण्यातही गोम असते. दुबईत काम करणारे पुष्कळ जण शेजारच्या शारजात राहतात, कारण तिथे भाडे कमी. पण सकाळी आणि संध्याकाळी रस्त्यावर मोटारींची अशी दाटी होते की जाण्यायेण्यात तासन्‌तास जातात. भाड्यात वाचले ते झोपेत गेले.

अशा ठिकाणासाठी जमीन विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हातारपणी इथेच यायचे आहे. पैसा कोणाच्या खिशात जातो तेही पाहावे. सरकारात नोंदलेल्या एजंटाने ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त सेवाशुल्क घेऊ नये, असा नियम आहे. एवढ्यासाठी कोणाला शेत विकावे लागू नये.

आता कायमचे घर केलेली माणसे पाहू. १८३४ पासून आपल्या देशातून हजारो मजूर मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. करार पाच वर्षांचा असे. मळ्यावरचे हाल विचारू नका. तरी करार संपल्यावर पुष्कळ जण तिथेच राहिले. पुढे मळेवाले जमिनीचे तुकडे विकू लागले आणि मजुरांनी पैपैसा जमवून ते घेतले. जमीन मिळाली, पाय रोवले. त्यांच्या वंशजांना आज शाळेत मराठी शिकता येते.

दुसरे उदाहरण आपल्या शनवार तेल्यांचे, म्हणजे बेने इस्राएल लोकांचे. अलिबाग, पेण, पनवेल या बाजूला त्यांचे तेलाचे घाणे असत. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला. १९५० च्या कायद्याने कोणाही यहुद्याला तिथे येऊन वसण्याचा हक्क मिळाला. म्हणजे राहू देतील का, हा प्रश्न मिटला. राहिला तो गावाचा प्रश्न. नव्या माणसांना सरकार बहुधा नव्या वस्त्यांत धाडी. दिमोना हे गाव १९५५ मध्ये वाळवंटात वसवले. कुठे आपली हिरवी वाडी आणि कुठे ते वाळवंट! बीरशेबातल्या काहींनी तर आम्हाला रंगावरून कमी लेखतात अशी तक्रार केली, धरणे धरले, आणि १९५२ मध्ये ते भारतात परत आले.

मग दिमोनात लोक टिकले कसे? एकामागून एक नातलग तिथेच आले. शेजार मराठी झाला. कापडाच्या गिरण्यांत काम मिळाले. शिवाय नव्याने आलेल्या प्रौढांना तिथली हिब्रू भाषा शिकवायला सरकारी वर्ग असत. त्यांना उलपान म्हणतात. हे वर्ग आपल्या रात्रीच्या वर्गासारखेच. आपल्या माणसांचा शेजार हवाच, पण त्या भरवशावर तिथली भाषा टाळली तर दवाखान्यात आणि कचेरीत कोणाच्या तोंडाकडे पाहणार?

तेव्हा तिकडून कोणी "ये" म्हणून फोन केला, तर घरातल्या बाईला शेजारी बसवून बोला. बिऱ्हाड तिला चालवायचे आहे, किंवा इथे एकटीने रेटायचे आहे. एका खोलीत किती माणसे राहतात ते विचारा. भाडे कोण भरतो, कामावर पोचायला किती वेळ लागतो, दुखलेखुपले तर खर्च कोणाचा, हेही विचारा. आणि पासपोर्ट कोणाजवळ असतो ते अवश्य विचारा. "मालकाकडे" असे उत्तर आले तर लगेच हो म्हणू नका. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे सौदीच्या, कतारच्या आणि अमिरातीच्या कायद्यातही बसत नाही.