विमानांचा दैनिक विनियोग : मोजणी व तिचा अर्थ

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात माकणी हे गाव आहे. अशा गावांना वस्तीची एस.टी. ही कल्पना सुपरिचित असते. रात्री मुक्कामास आलेली गाडी पहाटेपर्यंत एक किलोमीटरही धावत नाही; तथापि ती व्यर्थ उभी आहे असे कोणी म्हणत नाही, कारण पहाटेचे उतारू गावातच असतात. वाहन उभे राहण्याचा काळ म्हणजे सर्वस्वी अपव्यय नव्हे, हे तत्त्व विमानांच्या ताफ्यासही लागू पडते.

विमान उडो वा न उडो, त्याचे भाडे अथवा कर्जावरील व्याज चुकत नाही. यास्तव प्रत्येक विमान दिवसाकाठी किती तास वापरले गेले, ह्याचा हिशेब विमानकंपन्या काटेकोरपणे ठेवतात. आधुनिक विमानांतून चार क्षणांची नोंद आपोआप होते : थांब्यावरून हलणे, धावपट्टी सोडणे, धावपट्टीस टेकणे आणि पुन्हा थांब्यावर स्थिर होणे. पहिल्या व चौथ्या क्षणांमधील अंतर हा वापराचा काळ होय. उरलेला काळ कशात गेला, हे मात्र निराळे शोधावे लागते. उतारूंची चढउतार, इंधन, देखभाल, धावपट्टीसाठी प्रतीक्षा, वैमानिकाचा अभाव अशी कारणे पृथक् केल्यावाचून केवळ सरासरीवरून काहीच उलगडत नाही. बंद पडलेली विमाने भागाकारातून वगळली, तर सरासरी उत्तम दिसते. ताफा मात्र दुर्बलच राहतो.

थांब्यावरील काळ कमी केल्यास वापर वाढतो, हे उघड आहे. परंतु तो कसा वाढतो हे पाहण्याजोगे आहे. मुंबई–नागपूर हे उड्डाण ९० मिनिटांचे आणि विमानाचा कामकाजाचा दिवस १६ तासांचा, म्हणजे ९६० मिनिटांचा मानल्यास, दोन उड्डाणांच्या मध्ये ५० मिनिटे थांबणारे विमान ७ उड्डाणे करते. त्यास ९३० मिनिटे लागतात. हा थांबा ४० मिनिटांवर आणला, तरी आठवे उड्डाण साधत नाही. त्यास १,००० मिनिटे लागतील. थांबा ३० मिनिटांचा झाला म्हणजे मात्र ८ उड्डाणे ९३० मिनिटांत पूर्ण होतात आणि वापर साडेदहा तासांवरून १२ तासांवर जातो. तात्पर्य, वाचविलेली मिनिटे थोडीथोडी फळास येत नाहीत. विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावरच त्यांचे उड्डाण होते. शिवाय ७ उड्डाणांनंतर मुंबईहून निघालेले विमान रात्री नागपुरास राहते, ८ उड्डाणांनंतर मुंबईस परतते. देखभालीची सोय कोठे आहे, ह्यावर त्या रात्रीचे मोल ठरते.

४० मिनिटांच्या थांब्याने काहीच लाभ झाला नाही, असे मात्र नव्हे. ७ उड्डाणे ८७० मिनिटांत आटोपतात व दिवसाअखेर ९० मिनिटे शिल्लक राहतात. सकाळी धुक्यामुळे झालेला विलंब ह्या शिलकेत जिरतो. ८ उड्डाणांच्या वेळापत्रकात केवळ ३० मिनिटे शिल्लक असल्याने तोच विलंब सायंकाळच्या उतारूंना भोगावा लागतो.

वेळेच्या अशा बांधणीचा एक लक्षणीय प्रयोग महाराष्ट्राच्या आजच्या भूमीवरच झाला. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपुरास एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परत जात. चार शहरांपैकी प्रत्येकाचे टपाल इतर तिघांस, म्हणजे एकूण १२ दिशांस पोहोचवावयाचे असता, भारताच्या मध्यभागी असलेल्या एका तळामुळे ते चार विमानांत साधले. परंतु ह्याच योजनेने चारही विमाने परस्परांशी बांधली गेली. एकास उशीर झाला, तर इतर तिघांनी थांबावे की त्याचे टपाल न घेताच निघावे, हा प्रश्न अटळ होता. अशा व्यवस्थेत नागपुरातील थांब्याचा काळ हाच सेवेचा कणा होय.

हा धडा जुना झालेला नाही. वैमानिकांच्या कर्तव्यकाळाविषयीच्या नव्या नियमांचा पुढील टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यानुसार पुरेशा वैमानिकांची तजवीज नसल्याने डिसेंबरच्या प्रारंभी इंडिगो ह्या देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि असंख्य उतारू विमानतळांवर अडकून पडले. विमाने होती, मागणी होती; उणीव होती ती शिलकेची.

म्हणून विश्लेषणाचे कार्य केवळ वापराचे तास वाढविण्याचे नाही. उभ्या विमानाचा कोणता काळ आळसाचा, कोणता देखभालीचा आणि कोणता उद्याच्या अडचणीसाठी राखलेला, हा विवेक करणे हे त्याचे खरे कार्य होय. पहिला काळ निर्दयपणे कापावा. दुसऱ्यास हात लावू नये. तिसरा किती असावा, हे मागील विलंबांच्या नोंदींवरून ठरवावे. वस्तीच्या गाडीची रात्र हिशेबातून खोडली, तर पहाटेचा उतारू फाट्यावरच उभा राहतो.