सोयाबीनला खतही हवे, जिवाणूही

मालेगाव तालुक्यातल्या जऊळका परिसरात, किंबहुना सगळ्या वाशीम जिल्ह्यात, खरीप म्हणजे सोयाबीन. या पिकाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. म्हणजे क्विंटलभर दाण्यात सहा किलोंहून जास्त नत्र. हेक्टरी २० क्विंटल माल निघाला, तर त्यासोबत सव्वाशे किलोंच्या आसपास नत्र शेताबाहेर जाते. आपण खतातून देतो साधारण ३० किलो. उरलेल्यातले काही जमीन पुरवते, पण मोठा वाटा मुळांवरच्या गाठींतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतून मिळवून देतात. म्हणून ‘रासायनिक की जैविक’ हा वाद सोयाबीनपुरता तरी निरर्थक आहे.

फुकटच्या या नत्रालाही ऊर्जा लागते. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणू एटीपीचे किमान १६ रेणू खर्च करतात, आणि स्फुरदाशिवाय एटीपी बनत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर दिलेले स्फुरदही कॅल्शियमशी बांधले जाते. स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) सेंद्रिय आम्ले सोडून त्यातले काही मोकळे करतात. पण नसलेले स्फुरद ते निर्माण करू शकत नाहीत. त्यामुळे माती परीक्षणानुसार स्फुरद, पालाश आणि गंधक द्यावेच लागते. सिंगल सुपर फॉस्फेट वापरले तर स्फुरदासोबत गंधकही मिळते. युरियाचा हात मात्र आखडताच हवा. मुळांशी नत्र मुबलक झाले की झाड गाठी पोसणे कमी करते. पीक पिवळे पडले की युरिया टाकण्याची घाई होते. पण काळ्या रानात ते बऱ्याचदा साचलेल्या पाण्याने किंवा लोहाच्या कमतरतेने पिवळे पडते.

बियाण्याला ब्रॅडीरायझोबियमचे कल्चर लावूनही फरक दिसत नाही, ही तक्रार खोटी नाही. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात हे जिवाणू आधीच असतात, तिथे वाढ थोडीच दिसते. पण पाकीट उन्हात तापलेले असेल, मुदत संपलेली असेल किंवा बुरशीनाशकासोबतच कालवले असेल, तर बियाण्याला मेलेले जिवाणू लागतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू, हाच क्रम पाळावा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. शिवाय कल्चरच्या थोड्या खर्चात वाईट वर्षाचा धोका कमी होतो, हेही मोलाचे.

पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी चार झाडे मातीसकट उकरा आणि गाठी चिरून पाहा. आतून गुलाबी असतील तर त्या काम करत आहेत. मग युरियाची बॅग उघडू नका.