उंची वाढवावी, पण किती?

पावसाळा जवळ आला की पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण परिसरातील फोर-बाय-फोर गाड्यांच्या मालकांना मावळ-मुळशीच्या कच्च्या वाटांचे वेध लागतात. सोमवार ते शुक्रवार हीच गाडी पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर आणि ट्रेलरच्या रांगेतून कारखान्याच्या पाळीसाठी धावते. शनिवार-रविवारी तिने चिखल, ओढे आणि दगडगोटे पार करावेत, अशी अपेक्षा असते. एखाद्या मोहिमेत गाडीचे पोट दगडाला घासते, सोबतच्या मित्राची उंच केलेली गाडी मात्र सहज निघून जाते आणि मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो गाडी ‘लिफ्ट’ करून घेण्याचा.

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडीचा सांगाडा चाकांच्या तुलनेत वर उचलणे. बाजारात दीड इंचापासून चार इंचांपर्यंतचे संच मिळतात. साहजिकच प्रश्न विचारला जातो तो ‘जास्तीत जास्त किती उचलता येईल?’ असा. वास्तविक विचारायला हवा तो नेमका उलटा प्रश्न : ‘कमीत कमी किती उचलले तर काम भागेल?’

उंची नेमकी कोणाची वाढते?

लिफ्टविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज जमिनीपासूनच्या उंचीबद्दल, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्सबद्दल आहे. ज्या गाड्यांना अखंड ॲक्सल असतो, त्यांचा सर्वांत खालचा भाग बहुधा डिफरन्शियलचा गोळा असतो. हा गोळा ॲक्सलवर बसवलेला असतो आणि ॲक्सल चाकांना जोडलेला असतो. स्प्रिंग त्याच्या वर येते. त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच बसवली, तरी डिफरन्शियल जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर नेण्याचा सोपा मार्ग एकच : मोठ्या व्यासाचे टायर. त्यातही व्यास जितका वाढेल, त्याच्या निम्मीच उंची वाढते.

मग लिफ्टने मिळते काय? पहिली गोष्ट म्हणजे कोन. चढाला नाक टेकू नये, उतारावरून बाहेर पडताना शेपटी घासू नये आणि उंचवटा ओलांडताना पोट अडकू नये, यासाठी गाडीचे तीन कोन महत्त्वाचे असतात. महिंद्रच्या २०२० मधील थारसाठी कंपनीने जाहीर केलेले कोन पुढे ४१.८ अंश, पोटाखाली २७ अंश आणि मागे ३६.८ अंश असे होते, तर ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर होता. या गाडीच्या दोन ॲक्सलमधील अंतर २४५० मिलिमीटर आहे. सांगाडा ५० मिलिमीटर वर गेला, तर भूमितीच्या हिशेबाने पोटाखालचा कोन चार ते पाच अंशांनी वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे चाकाच्या कमानीत मोठ्या टायरसाठी होणारी जागा. फायदा खरा आहे. पण तो डिफरन्शियलखालच्या दगडाच्या कामी येत नाही.

आकुर्डीच्या गाडीचा धडा

या हिशेबाचे उत्तम उदाहरण औद्योगिक पट्ट्यातच सापडते. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ २०२१ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तिचा ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर होता. २०२४ च्या आवृत्तीत तो २३३ मिलिमीटर झाला. म्हणजे स्वतःचे अभियंते आणि चाचणीची साधने हाताशी असलेल्या उत्पादकानेही वाढवले ते २८ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहूनही कमी.

ही वाढ आली कुठून? जुन्या गाडीचे टायर २४५/७० आर १६ मापाचे होते, नव्या गाडीचे २५५/६५ आर १८. या आकड्यांपैकी पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. त्यावरून जुन्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर, तर नव्याचा सुमारे ७८९ मिलिमीटर निघतो. फरक ४० मिलिमीटरचा. त्याच्या निम्मे, म्हणजे २० मिलिमीटर. थोडक्यात, २८ पैकी सुमारे २० मिलिमीटरची वाढ एकट्या टायरच्या मापातून निघते. गॅरेजमध्ये चार इंचांचा संच मागण्यापूर्वी हा आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

मार्ग अनेक, गुण वेगळे

उंची वाढवण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगच्या वर किंवा खाली जाड चकती, अर्थात स्पेसर बसवणे. यात स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. मात्र शॉक ॲब्सॉर्बर मूळ लांबीचाच राहिला, तर चाक खाली लटकण्याची मर्यादा तेवढी घटते आणि खड्ड्यात चाक जमीन लवकर सोडते. दुसरा मार्ग लांब स्प्रिंग आणि त्यांच्याशी जुळणारे लांब शॉक ॲब्सॉर्बर असा पूर्ण संच घेण्याचा. तो महाग असला, तरी योग्य तोच.

पाट्यांच्या गाड्यांत जादा पाटा घालणे, नव्या कमानीचे पाटे बसवणे किंवा लांब शॅकल लावणे, असे प्रकार चालतात. पुढच्या ॲक्सलवर ठोकळे ठेवून उंची मिळवण्याचा प्रकार मात्र पूर्णपणे टाळावा. ब्रेक लावताना येणाऱ्या पिळाने ठोकळा सरकण्याचा धोका असतो. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारला पुढे टॉर्शन बार होते. ते आवळले की नाक विनाखर्च वर येते. परंतु चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढाच कमी होतो आणि गाडी आदळू लागते. याशिवाय सांगाडा जागेवर ठेवून फक्त बॉडी उचलण्याचाही प्रकार आहे. त्यातून टायरला जागा मिळते, पण पोटाखालची उंची तसूभरही वाढत नाही.

वाढीव इंचांची किंमत

सस्पेन्शनचा प्रत्येक दांडा ठरावीक कोनात राहील, असे गृहीत धरून गाडीची रचना झालेली असते. सांगाडा वर गेला की ते सारे कोन बदलतात. पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वेगात ते हलके, अनिश्चित वाटू लागते. पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो. प्रोपेलर शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरू लागतात. थरथर सुरू होते आणि रबरी आवरणे लवकर फाटतात. चाक पूर्ण लटकले की ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह ज्या गाड्यांत असतो, त्यांत तो सांगाडा आणि ॲक्सल यांतील अंतरावरूनच भार ओळखतो. अंतर वाढले की गाडी रिकामी आहे, असे समजून तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. हा दोष सावकाश चालवताना जाणवत नाही. महामार्गावर अचानक ब्रेक लावण्याची वेळ आली की जाणवतो.

सर्वांत गंभीर परिणाम गुरुत्वमध्याचा. गाडी उलटण्याचा कल मोजण्याची एक सोपी रीत आहे : दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागायचे. उत्तर जितके मोठे, तितकी गाडी स्थिर. समजा, चाकांमधील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे; उत्तर येते १.०७. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर वर गेला की तेच उत्तर १.०१ होते. त्यात टपावर कॅरिअर, त्यावर जादा चाक आणि सामान चढवले की उरलेली स्थिरताही घटते. डोंगरउतारावर तिरके जाताना किंवा एक्स्प्रेस-वेवर एकाएकी मार्गिका बदलताना हाच फरक निर्णायक ठरू शकतो.

निवड कशी करावी?

म्हणूनच रोजच्या वापराच्या गाडीसाठी ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे दीड ते दोन इंच, ही व्यवहार्य मर्यादा मानावी. यापुढे गेल्यास वरचे आर्म, पॅनहार्ड रॉड, ब्रेकच्या नळ्या, शाफ्ट अशी बदलांची साखळी सुरू होते आणि खर्च कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

संच निवडताना उंचीआधी भार पाहावा. विंच, जादा इंधन, तंबू असे कायमचे वजन असलेल्या गाडीला कडक स्प्रिंग लागते. हीच स्प्रिंग एकट्याने कार्यालयात ये-जा करणाऱ्या गाडीला बसवली, तर ती उसळत राहते आणि टायरची पकड कमी होते. स्प्रिंग धक्का साठवते, शॉक ॲब्सॉर्बर तो जिरवतो. दोघांची जोडी जुळलीच पाहिजे. एका कंपनीच्या स्प्रिंगला दुसऱ्याच मापाचे शॉक ॲब्सॉर्बर जोडणे म्हणजे बचतीच्या नावाखाली नवा दोष विकत घेणे. गाडी उचलल्यावर अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत आणि चाक लटकवून ब्रेकच्या नळ्यांचा ताण तपासावा. पाचशे-हजार किलोमीटरनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

या सगळ्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : गाडी अडते ती उंचीअभावी, की पकडीअभावी? मावळातल्या चिखलात गाड्या बहुधा पकड गेल्याने रुततात. तिथे चांगले ऑल-टेरेन टायर, मऊ जमिनीवर हवा कमी करून नंतर पुन्हा भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर, पोटाखाली जाड पत्र्याचे संरक्षण आणि प्रशिक्षित चालक यांचा उपयोग लिफ्टपेक्षा अधिक होतो. चाक कोणत्या दगडावर ठेवायचे, हे ज्याला कळते, त्याला पुष्कळदा मूळ उंचीही पुरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी ‘बदला’ची व्याख्या आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेपासून ढळणाऱ्या बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे गॅरेजवाल्याच्या ‘काही होत नाही’ या आश्वासनावर विसंबू नये. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. विक्रीस येणाऱ्या प्रत्येक मॉडेलला भोसरीची सीआयआरटी किंवा पुण्याची एआरएआय यांसारख्या संस्थांकडून मान्यता घ्यावी लागते, ती उत्पादकाने ठरवलेल्या रचनेची असते; गॅरेजमध्ये बदललेल्या रचनेची नव्हे.

गाडीची उंची हा डोळ्यांना सुखावणारा भाग आहे, यात शंका नाही. परंतु शनिवारच्या चिखलात मिळालेले दोन इंच सोमवारी सकाळी तळेगाव-चाकण रस्त्यावरही गाडीसोबतच असतात. दोन्ही ठिकाणी गाडी चालकाच्या ताब्यात राहील, तेवढीच उंची योग्य.